मायना आणि मजकूर : जुनी लेखनपद्धति व आजचें शालेय पत्रलेखन

माध्यमिक शाळेंतील विद्यार्थ्यांस पत्रलेखन शिकवितांना औपचारिक व अनौपचारिक असे दोन वर्ग सांगण्याची रीत आहे. मागणीपत्र व विनंतिपत्र पहिल्या वर्गांत, मित्राचें अभिनंदन दुसऱ्यांत. हा विभाग सोपा आहे. पण मुलगा खरोखर अडतो तेथें तो उपयोगीं पडत नाहीं. गांवचे सरपंच हेच मुलाचे काका असले आणि गांवविहिरीच्या दुरुस्तीसाठीं अर्ज त्यांनाच करावयाचा असला, तर तें लेखन कोणत्या वर्गाचें? अनेक वर्षें संस्कृत व मराठी शिकवितांना हा प्रश्न निरनिराळ्या रूपांनीं आमच्यापुढें आला. जुन्या लेखनपद्धतींत त्याचें उत्तर सांपडतें, असें आमचें मत आहे.

पंधराव्या शतकाच्या आरंभीं मिथिलेंतील विद्यापतीनें ‘लिखनावली’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. अल्पशिक्षितांस उपदेश व्हावा व बहुश्रुतांस कौतुक वाटावें, असा हेतु त्यानें आरंभींच सांगितला आहे. त्यानें पत्रांचे भाग पाडले ते असे : श्रेष्ठांस लिहावयाचीं, कनिष्ठांस लिहावयाचीं, समानांस लिहावयाचीं, आणि चवथा भाग व्यवहारलेखांचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत १९२५ सालीं छापलेल्या, गुजराथेंतील ‘लेखपद्धति’ ग्रंथांतही राजशासनें, व्यवहाराचे लेख व घरगुती पत्रें यांचे नमुने एकत्र आहेत. विद्यापतीचे पहिले तीन भाग नात्यावरून पाडलेले आहेत, चवथा कामावरून. म्हणजे ‘वाचणारा माझा कोण?’ आणि ‘हा लेख कशासाठीं?’ हे दोन प्रश्न त्यानें वेगळे ठेविले. आजच्या दोन वर्गांत ते एकमेकांत मिसळले आहेत.

मराठींतील मेस्तकाची परंपरा देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्याकडे नेण्यांत येते. पुढील काळीं मायन्यांची व्यवस्था फार बारकाईची झाली. पित्यास ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, बरोबरीच्यास ‘राजमान्य राजश्री’ व ‘स्नेहांकित’. वडिलांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद. शेवट धन्याच्या पत्रांत ‘जाणिजे’, सेवकाच्या पत्रांत ‘हे विज्ञापना’. मायना नात्यानें ठरे, मनःस्थितीनें नव्हे. थोरले माधवराव व रघुनाथराव यांचें वैर १७६८ सालीं धोडपच्या लढाईपर्यंत गेलें; तरी माधवरावांच्या लेखी काका ‘तीर्थरूप दादासाहेब’च राहिले. म्हणून ‘स्नेहांकित’ या एका शब्दावरून स्नेह होता असा निष्कर्ष काढणारा इतिहासलेखक फसेल. मन पाहावयाचें तें मजकुरांत.

आतां दुसरा प्रश्न. चालू पत्रव्यवहारांतील असंख्य मराठी पत्रांवर चंद्र व महिना असतो, वर्ष नसतें. पत्र पोंचेल त्यास वर्ष ठाऊकच असे. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध केलीं, तेव्हां अशा पत्रांचा काळ मजकुरावरून ठरविण्याचे श्रम त्यांस पडले. इनामाची सनद पाहावी तर प्रकार उलटा. तींत शक किंवा सन, संवत्सर, गांव, परगणा, इनाम कोणास व कां दिलें, हें सर्व येतें. ती पुष्कळदां ‘देशाधिकारी व लेखक वर्तमान व भावी’ यांस उद्देशून असते. तिची नक्कल दप्तरीं ठेवून अस्सल भोगवट्यासाठीं परत द्यावी व दरसाल नव्या पत्राचा आग्रह धरूं नये, अशी आज्ञाही शेवटीं असते. हातीं घेणारा अंमलदार आज एक, उद्यां दुसरा. त्यास कांहींच ठाऊक नाहीं असें धरून ती लिहिलेली आहे.

औपचारिकपणाचें मर्म येथें आहे. तो भारदस्त संस्कृत शब्दांत नाहीं. आपणांस न ओळखणाऱ्या वाचकास पत्र कळावें, यासाठीं पाळावयाची ती काळजी आहे. मुलें मात्र औपचारिक म्हणजे अवघड असें समजून ‘सविनय’, ‘कृपावंत’ असे शब्द रचितात आणि विहीर कोणती व ती कधीं ढासळली हें लिहावयाचें विसरतात.

तेव्हां विद्यार्थ्यास लेखणी उचलण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावयास लावावे. हें पत्र प्रथम कोण वाचील, आणि मागाहून कोण वाचील? पहिल्यावरून ‘तूं’, ‘तुम्ही’ कीं ‘आपण’ हें ठरेल. दुसऱ्यावरून किती सांगावें व काय गाळावें हें ठरेल. मित्राच्या पत्रास मागाहून वाचणारा बहुधा नसतो, म्हणून तेथें अर्धें वाक्यही पुरतें.

काकांच्या अर्जाचा उलगडाही यांतच होतो. अर्ज ग्रामपंचायतीच्या दप्तरांत राहील, आणि काकांनंतरचा सरपंचही तो वाचील. म्हणून तो ‘सरपंच, ग्रामपंचायत’ यांस, तारीख, जागा व मागणी स्पष्ट लिहून करावा. त्यांत काका म्हणूं नये. घरची विचारपूस निराळ्या चिठींत करावी व तेथें ‘तीर्थरूप काकांस’ नमस्कार लिहावा. मुख्य पत्रासोबत निराळ्या मजकुराची पुरवणी जोडण्याची जुनी रीत होतीच. एकाच माणसास एकाच दिवशीं दोन तऱ्हांनीं लिहिण्यांत कांहीं विसंगति नाहीं, हें ज्या मुलास कळलें, त्यास दोन वर्गांची व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाहीं. ‘वर्तमान व भावी’ हे सनदेंतील दोन शब्द त्याच्या ध्यानांत राहिले म्हणजे पुरे.