जुन्या डिझेल पिकअपचा डिझेलकाटा चुकीचा का दाखवतो आणि तो दुरुस्त कसा करायचा?

मालवाहू पिकअपला दहा-पंधरा वर्षे झाली की डॅशबोर्डवरच्या डिझेलकाट्यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. चालक किलोमीटर मोजून डिझेल भरतो, मालक 'चालतंय तोवर चालू दे' म्हणतो. पेट्रोलच्या गाडीत हे एक वेळ खपून जाते. डिझेलच्या जुन्या इंजिनात टाकी कोरडी पडली, तर नुसते बाटलीभर इंधन ओतून बहुधा भागत नाही. नळीत आणि फिल्टरमध्ये हवा शिरलेली असते. हातपंप दाबून, नट सैल करून ती हवा बाहेर काढेपर्यंत इंजिन सुरू होत नाही. बऱ्याच गाड्यांत इंधनपंपाच्या आतल्या भागांना वंगणही डिझेलचेच मिळते, त्यामुळे कोरडा पंप फिरवत राहणे महागात पडू शकते.

नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने वाशीच्या बाजाराकडे निघालेली गाडी रात्री घाटात बंद पडली, तर माल उशिरा पोहोचणे हा त्यातला लहान तोटा. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार वेळा पेडल दाबताच संपते आणि भरलेल्या गाडीचा ब्रेक अतिशय जड होतो. म्हणून हा काटा केवळ शोभेचा नाही.

काटा हलतो कसा?

टाकीत एक फ्लोट तारेच्या दांडीवर तरंगत असतो. दांडी वर-खाली झाली की तिचे दुसरे टोक रोध असलेल्या पट्टीवर सरकते. या सगळ्या जुळणीला टँक युनिट किंवा सेंडर म्हणतात. डॅशबोर्डवरच्या मीटरमधून येणारी वीज एका वायरने टँक युनिटपर्यंत येते आणि तिथून चासीमार्गे बॅटरीकडे परत जाते. रोध बदलला की वीज बदलते, आणि विजेप्रमाणे काटा सरकतो. म्हणजे मीटर प्रत्यक्षात डिझेल मोजत नाही. वायर, टँक युनिट आणि अर्थिंग या संपूर्ण वाटेतला रोध मोजतो.

बहुतेक गोंधळ इथेच होतो. काटा चुकला की आधी मीटर बदलला जातो. प्रत्यक्षात मीटर केबिनमध्ये कोरड्या जागी सुरक्षित असतो. टाकी मात्र गाडीखाली चिखल, पाणी आणि धक्के खात असते. जुन्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवरच घ्यावा.

समजा, एखाद्या मीटरची रचना रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम अशी आहे. अर्थिंगच्या जोडावर गंज चढून ३० ओहमचा जादा रोध आला, तर टाकी कोरडी असतानाही काटा साधारण एक-तृतीयांशावर उभा राहील. ६० लिटरच्या टाकीत हे २० लिटर डिझेल फक्त काट्यावर असते. काही गाड्यांत रचना उलट असते, रिकाम्याला रोध जास्त आणि भरलेल्याला कमी. तिथे तोच गंज टाकीत आहे त्यापेक्षा कमी डिझेल दाखवतो. हा दोष त्रासाचा, पण निदान वाटेत फसवणारा नाही.

पैसे खर्च करण्याआधीची तपासणी

चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून, एका लांब वायरने टँक युनिटचा धातूचा भाग थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावा. आधी वायर टँक युनिटला पक्की करावी आणि शेवटचा जोड बॅटरीकडे करावा, म्हणजे ठिणगी उडालीच तर ती टाकीपासून दूर उडेल. थोडा वेळ थांबावे. काटा जागचा हलला, तर अर्थिंग खराब आहे. जोड घासून स्वच्छ करावा आणि टँक युनिटपासून चासीपर्यंत एक स्वतंत्र वायर कायमची टाकून घ्यावी. टाकी प्लास्टिकची असेल तर युनिटला अर्थिंगची वेगळी वायर असतेच. तिचे चासीकडचे टोक पाहावे.

काटा हलला नाही, तर युनिटवरची सिग्नलची वायर काढावी. काटा एका टोकाला गेला पाहिजे. मग तीच वायर टाकीपासून दूर, चासीच्या स्वच्छ धातूला काही सेकंद टेकवावी. आता काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला पाहिजे. कोणते टोक आधी, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. तसा तो फिरला, तर मीटर आणि वायर बहुधा ठीक आहेत, दोष टाकीत आहे. जुने मीटर आतली पट्टी तापून चालतात, त्यामुळे काटा सावकाश सरकतो. पण वायर जास्त वेळ टेकवून ठेवू नये, मीटर जळू शकतो. काटा हललाच नाही, तर वायर मध्ये कुठेतरी तुटली आहे किंवा मीटर खरोखरच गेला आहे.

डिझेलकाट्यासोबत इंजिनच्या तापमानाचा काटाही चुकायला लागला असेल, तर टाकीकडे जाण्याआधी मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि त्याचे अर्थिंग पाहावे. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरना वीज तिथूनच मिळते.

टाकीतले काम

टँक युनिट टाकीच्या माथ्यावर असेल, तर टाकी उतरवावी लागते किंवा हौदा उचलावा लागतो. डिझेल कमी असताना हे काम काढावे. ६० लिटर डिझेलचेच वजन सुमारे ५० किलो होते. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस इतकाच असावा लागतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी हवाच त्यापेक्षा गरम असते. बॅटरीचे ऋण टोक काढून, सावलीत, विडी-सिगारेट लांब ठेवून काम करावे. भोवतीची माती आधी झटकावी, नाहीतर ती थेट टाकीत पडते.

बाहेर काढलेला फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत डिझेल खळखळत असेल तर तो भोक पडून बुडाला आहे, आणि काटा कायम रिकामा दाखवण्याचे कारण सापडले. मग मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी सावकाश वर न्यावी. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडत असेल, तर पट्टी तिथे झिजली आहे. चालत्या गाडीत पाव-अर्ध्याच्या दरम्यान काटा नाचतो, तो बहुतेक यामुळेच. मळ असेल तर तो साफ होतो, झीज होत नाही. युनिट बदलावे लागते.

नवे युनिट घेताना नुसती जागा आणि स्क्रू जुळून चालत नाही. ० ते ९०, १० ते १८०, २४० ते ३३ अशा वेगवेगळ्या ओहमच्या रचना बाजारात आहेत. मीटरशी न जुळणारे युनिट बसवले, तर नवा कोरा सुटा भागही कायम चूक दाखवतो किंवा काटा उलटा चालतो.

जुळणी करताना दांडी हलकीच वाकवता येते. फ्लोटकडचे टोक वर वाकवले तर काटा पूर्वीपेक्षा कमी दाखवतो, खाली वाकवले तर जास्त. ऐकायला हे उलटे वाटते, पण फ्लोट डिझेलच्या पातळीवरच राहतो, बदलतो तो दांडीचा कोन. दोन्ही टोके अचूक जुळत नसतील, तर रिकामे टोक अचूक ठेवावे. भरलेल्या टाकीला काटा थोडा कमी दाखवत असेल तर काही बिघडत नाही.

शेवटी गाडी सपाट जागी ठेवून, जवळजवळ रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर डिझेल घालत काट्याची जागा कागदावर लिहून घ्यावी. टाकीचा आकार सरळ नसतो, त्यामुळे काटा अर्ध्यावर म्हणजे डिझेल अर्धे असे निघणार नाही. तो दोष नव्हे. पंपावर डिझेल कमी मिळाल्याचा संशयही अनेकदा या काट्यामुळेच येतो. तो फेडायचा असेल तर पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहक त्यात मोजून मागू शकतो.