बुळकांडी गेली, मरळीचं काय?

यवतमाळ म्हणजे कापसाचा जिल्हा. आणि ट्रॅक्टर येण्याआधी कापसाची शेती म्हणजे बैल. ऐन पेरणीत जोडीतला बैल गेला, की त्या घराचं वर्षच गेलं. म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना बुळकांडीची धास्ती असे. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि बघता बघता गोठा रिकामा.

या रोगावर काम करणारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये आपल्याच पुण्यात निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली. तिथे १९२०च्या दशकात एडवर्ड्स यांनी हा विषाणू बकऱ्यांमध्ये वाढवून सौम्य केला आणि लस तयार झाली. १९५४ पासून टोचणीची राष्ट्रीय मोहीम चालली. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५चा. पण रोग गेला की नुसता दबला, हे टोचणी थांबवल्याशिवाय कळणार नव्हतं. ती थांबवली, गावोगाव विचारपूस झाली. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सगळं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं.

आता पाण्याकडे वळू. १९८८च्या सुमारास भारतात माशांच्या अंगावर व्रण पडणारी साथ आली. मरळीला तिचा मोठा फटका बसला. लहान तळ्यात चुना टाकता येतो. पैनगंगेवरच्या इसापूर धरणात कुठे टाकणार? आजारी बैल चारा सोडतो, ते आपल्याला दिसतं. मासा बहुतेकदा मरून तरंगल्यावरच दिसतो. त्याआधी व्रण पाहतो तो फक्त जाळं ओढणारा. त्यानं ते कुणाला सांगायचं, एवढं जरी आपण ठरवलं, तरी बुळकांडीचा धडा आपण शिकलो असं म्हणता येईल.