बॉम्ब आठवतो, बिल आठवत नाही

८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही त्यांची घोषणाही सगळ्यांना पाठ आहे. ती मौलाना हसरत मोहानींनी दिली, हे आपल्याकडचे लोक अभिमानाने सांगतात आणि सांगावंही. पण त्या दिवशी सभागृहात नेमकं काय चाललं होतं, असं विचारलं की उत्तर ‘ब्रिटिशांचा कुठला तरी काळा कायदा’ इथे अडकतं.

कायदे दोन होते. एक पब्लिक सेफ्टी बिल, ज्यावर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल निर्णय द्यायला उभे राहिले होते. दुसरं ट्रेड डिस्प्युट्स बिल. ते त्याआधी काही मिनिटं ५६ विरुद्ध ३८ मतांनी मंजूर झालं होतं. भगतसिंगांनी वरून फेकलेल्या पत्रकात दोन्हींचा उल्लेख आहे, शिवाय कामगार पुढाऱ्यांच्या धरपकडीचाही. म्हणजे ज्या घटनेला आपण निव्वळ स्वातंत्र्यलढ्याच्या खात्यावर मांडतो, तिचा अर्धा हिशोब संपाच्या हक्काचा होता. आणि तो हक्क मोडण्याची गरज सरकारला पडली, त्यात मुंबईच्या गिरणगावाचा वाटा मोठा होता.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचं कारण पुढे करून कामगारांच्या पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कापडावर सरकारचा साडेतीन टक्के अबकारी कर होता. लँकेशायरच्या मालाला इथे स्पर्धा होऊ नये म्हणून १८९६ पासून तो बसवलेला. मालकांचं म्हणणं, कर काढा, मग आम्ही कपात काढतो. कामगार सप्टेंबरपासून संपावर गेले. डिसेंबरात सरकारने कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. थोडक्यात, अडीच महिने कामगारांनी पोटाला चिमटा घेतला आणि मालकांना करमाफी मिळाली. इतकं काटेकोर व्यापारी गणित इतिहासात क्वचितच सापडेल.

करमाफी मिळूनही मालकांचं समाधान झालं नाही. दोन वर्षांत ‘रॅशनलायझेशन’ हा शब्द आला. अर्थ सोपा होता: विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवायचे, सूतकताईत एकाने दुप्पट बाजू सांभाळायच्या आणि उरलेल्यांनी घरी जायचं. सरकारही याच वाटेने निघालं होतं. १९२२-२३ च्या इंचकेप समितीने सरकारी खर्चाला कात्री लावायला सांगितली होती, त्यात रेल्वेही आली. १९२८ च्या जुलैमध्ये साऊथ इंडियन रेल्वेच्या कारखान्यांतले कामगार संपावर गेले ते नोकरकपातीच्या विरोधातच. त्या एका वर्षात देशभरात संपांमुळे तीन कोटींहून अधिक कामाचे दिवस बुडाले. त्यातला सर्वात मोठा वाटा मुंबईचा.

२६ एप्रिल १९२८ पर्यंत मुंबईच्या जवळपास सगळ्या गिरण्या बंद पडल्या. दीड लाख कामगार बाहेर. संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. कोकणातला कामगार पावसाळ्यात गावी जाऊन भात लावू शकत होता, घाटावरचा शेताला हात लावू शकत होता. पण गिरणगावाच्या दक्षिणेला मदनपुऱ्यात राहणारा मोमीन विणकर जाणार कुठे? त्याचं गाव आझमगढ, मऊ, बनारसच्या बाजूला. हातमाग बुडाल्यावर तो मुंबईला आला होता आणि गिरणीच्या विणाई खात्यात, म्हणजे साचेखात्यात, मराठा विणकराच्या शेजारी उभा राहिला होता. सहा महिने तोही लढला. गिरणगावाचा इतिहास सांगताना लालबाग-परळची नावं येतात, मदनपुऱ्याचं येत नाही. मला वाटतं, यात लिहिणाऱ्यांची जितकी चूक आहे, तितकीच आपल्या उदासीनतेचीही. आपण खिलाफतीच्या सभांचा हिशोब ठेवला, साच्यावर उभ्या असलेल्या आपल्याच माणसांचा ठेवला नाही.

साचेखात्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कडू आहे. या खात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या थुंकीने ओला झालेला धागा आम्ही हाताळणार नाही, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे हा प्रश्न लावून धरला, तो याच काळात. इस्लाममध्ये शिवाशीव नाही हे आपण व्याख्यानांत सांगतो. पण त्याच खात्यात काम करणाऱ्या मुसलमान विणकरांना ही भिंत सोयीची नव्हती असं म्हणायला माझं मन धजत नाही. स्पर्धा तेवढीच कमी होत होती.

तरीही त्या संपाने जे उभं केलं, ते मोठं होतं. मे १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. लाल बावट्याची हीच युनियन. तिचे सभासद वर्षअखेर ५० हजारांवर गेले. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही सुशिक्षित मंडळी पुढे होतीच, पण अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले यांच्यासारखे खुद्द गिरणीतले कामगारही नेते झाले. प्रत्येक गिरणीत समिती होती. जॉबरच्या मर्जीवर चालणाऱ्या खात्यात प्रथमच कामगाराच्या बाजूने बोलणारं कुणीतरी होतं. संपकऱ्यांच्या मदतीला रशियातल्या कापड कामगारांचे पैसे आले, तेव्हा सरकार अधिकच बिथरलं. पब्लिक सेफ्टी बिल पहिल्यांदा आलं ते त्याच सप्टेंबरात. मतं समसमान पडली आणि विठ्ठलभाईंनी आपलं मत विरोधात टाकून ते पाडलं.

युनियन कायद्याने पडेना. मग ती कशाने मोडली?

१९२८ च्या अखेरीस शिवडीच्या तेलकंपन्यांत संप झाला आणि संप फोडायला पठाण आणले गेले. पठाण म्हणजे चाळीतल्या कामगाराच्या दृष्टीने आधीच सावकार, दंडुका घेऊन पगाराच्या दिवशी दारात उभा राहणारा. राग जुना होता. १९२९ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला शहरात अफवा पसरली की पठाण मुलं पळवतात, कुठल्याशा पुलाच्या पायात बळी द्यायला. गिरणी भागात पठाणांवर हल्ले सुरू झाले. पठाणांनी उलट वार केले. दोन-तीन दिवसांत ‘पठाण’ या शब्दाची जागा ‘मुसलमान’ या शब्दाने घेतली. मदनपुऱ्याच्या मोमीनाचा ना सावकारीशी संबंध, ना शिवडीच्या तेलाशी, पण दाढी आणि टोपी त्याला पठाण ठरवायला पुरेशी होती. शंभराहून अधिक माणसं मेली. सरकारच्या चौकशी समितीने ठपका कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या भाषणांवर ठेवला. संप फोडायला पठाणांना भाड्याने आणणाऱ्यांकडे मात्र तिने त्याच कठोर नजरेने पाहिलं नाही.

मला युनियनच्या पुढाऱ्यांना पूर्ण मोकळं सोडायचं नाही. संपफोड्याविरुद्ध बोलताना त्याच्या जमातीचं नाव घेतलं की चाळीत त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांना कळायला हवं होतं. आपल्या बाजूच्या पुढाऱ्यांनाही मोकळं सोडता येत नाही. दंगलीनंतर मुसलमान कामगारांचा एक भाग युनियनपासून दूर झाला, तेव्हा ‘तुमची रोटी आणि त्यांची भाकरी एकाच गिरणीतून येते’ हे त्यांना ठणकावून सांगणारं समाजात फारसं कुणी नव्हतं.

आता तारखा पाहा. फेब्रुवारीत दंगल. २० मार्चला देशभरात धरपकड आणि मीरतचा खटला: डांगे, मिरजकर, आळवे, कासले, पुण्याचे थेंगडी, बंगालचे मुजफ्फर अहमद, शौकत उस्मानी, ब्रिटनचे स्प्रॅट आणि ब्रॅडली. ८ एप्रिलला ट्रेड डिस्प्युट्स बिल मंजूर. २६ एप्रिलला मुंबईत पुन्हा सार्वत्रिक संप, पण नेते तुरुंगात आणि कामगार आपसांत फाटलेले. या वेळी आंबेडकरांनीही संपाला विरोध केला. हा संप पुकारण्याची वेळ चुकली होती, असं माझं मत आहे. नव्या कायद्याखाली न्या. पिअरसन यांचं चौकशी न्यायालय बसलं, त्याने दोष युनियनच्या पदरात टाकला आणि सप्टेंबरात संप मागे घ्यावा लागला. यामागे कुणाचा एकसंध कट होता असं मी म्हणत नाही. पण फाटलेल्या कामगारांवर कायदा किती सहज बसतो, हे त्या सात महिन्यांत दिसलं.

कायद्यात होतं काय? सार्वजनिक उपयोगाच्या सेवांत चौदा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय संप करणं गुन्हा ठरला. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद, पन्नास रुपयांपर्यंत दंड. आपल्या धंद्यातल्या तंट्यापलीकडचा हेतू ठेवून सरकारवर दबाव आणणारा संप बेकायदा. म्हणजे रेल्वेवाल्यांच्या पाठिंब्याला गिरणीवाल्यांनी उतरायचं नाही. आणि बेकायदा संपात सामील न होणाऱ्या सभासदाला युनियनने काढून टाकायचं नाही, असंही कलम होतं. संपफोड्याला इतकं हळुवार संरक्षण आणि संपकऱ्याला कैद. कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी ना. म. जोशी मवाळ म्हणून ओळखले जात, त्यांनीही विरोध केला. कायदा पाच वर्षांसाठी आणला होता. १९३४ मध्ये तो कायमचा केला गेला.

मीरतच्या आरोपींना जानेवारी १९३३ मध्ये भारी शिक्षा झाल्या, मुजफ्फर अहमदना जन्मठेप. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने काहींना सोडलं आणि बाकीच्यांच्या शिक्षा खूप खाली आणल्या. तिथले मुख्य न्यायाधीश होते सर शाह मुहम्मद सुलेमान. हे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हरकत नाही.

१९३८ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं आणि त्यानेही इंडस्ट्रियल डिस्प्युट्स बिल आणलं. समझोत्याची लांबलचक प्रक्रिया संपेपर्यंत संप बेकायदा. या वेळी मात्र ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र उतरले. नऊ वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध उभे असलेले लोक एकाच व्यासपीठावर आले. पोलिसांनी गोळीबार केला. कायदा झालाच, पण तो कामगारांच्या संमतीने झाला असं कुणाला म्हणता आलं नाही.

स्वातंत्र्य आलं, १९४७ चा औद्योगिक तंटा कायदा आला आणि चौदा दिवसांची नोटीस त्यात जशीच्या तशी राहिली, पण फक्त सार्वजनिक उपयोगाच्या सेवांसाठी. एक महिना आणि पन्नास रुपयेही तसेच. ब्रिटिशांनी आखलेली ती रेघ सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याच जागी होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुसली. आता चौदा दिवसांची नोटीस प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप. कैद एक महिन्याचीच, दंड मात्र एक हजार ते दहा हजार. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागायची, आता तीनशेपासून. १९२९ मध्ये ३८ जणांनी विरोधात मत दिलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ही संहिता संसदेत आली तेव्हा विरोधी बाकांवरचे बहुतेक सदस्य बहिष्कार टाकून बाहेर होते. केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२०, मार्च २०२२ आणि जुलै २०२५ मध्ये देशव्यापी संप केले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही संहिता लागू झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

मदनपुऱ्यातल्या विणकरांचे भाऊबंद आज भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर आहेत. त्यांना या संहितांचं नाव माहीत असेलच असं नाही, आणि त्याला कारण आहे. पूर्वी वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले की फॅक्टरी कायदा लागू व्हायचा, आता ती मर्यादा वीसवर गेली आहे. एकाच छपराखालचे माग बायको, भाऊ, मुलगा अशा वेगवेगळ्या नावांवर दाखवण्याची रीत तिकडे जुनी आहे. मालकही बहुतेकदा आपल्याच बिरादरीतला, त्याच मशिदीत पहिल्या सफेत उभा राहणारा. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, आठवड्याला हिशोब. चौदा दिवसांची नोटीस द्यायची तर आधी ती लिहिणारी युनियन हवी.