लगाम घातला, घरे कोणी बांधायची?

मुंबईच्या घरांचा विषय निघाला की दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतात, घरमालकाला वेसण घाला म्हणजे गरिबाला घर मिळेल. दुसरे म्हणतात, घरमालकाला मोकळा सोडा म्हणजे तो आपणहून घरे बांधील. आम्ही तीस वर्षे कामगार संघटनेत काढली. दर मागणीपत्रात घरभाडे भत्त्याचे कलम घातले, झगडून भत्ता वाढवून घेतला आणि वाढलेला भत्ता पुढच्याच करारात घरमालकाच्या खिशात गेलेला पाहिला. तेव्हा आमचा कल कोणीकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडून पाहिला तर तो यांपैकी कोणत्याच पक्षाला फारसा सोयीचा निघत नाही.

हिशेबाची सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडाव्यात, रुंद रस्ते काढावेत, समुद्राची हवा शहरात खेळू द्यावी, हा त्याचा हेतू. हवा खेळली हे खरे. पण आरंभीच्या वर्षांत जितक्या माणसांच्या डोक्यावरचे छप्पर काढले तितक्यांना ते परत दिले नाही. उठवलेली कुटुंबे शेजारच्या गल्लीत जाऊन दाटली आणि त्या गल्लीतले भाडे चढले. ट्रस्टने बांधलेल्या चाळी आजही बीआयटी चाळी म्हणून ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यातली बरीच वर्षे काढली. घटनेचा शिल्पकार आणि शेजारचा गिरणी कामगार एकाच गॅलरीत राहत होते, एवढे त्या चाळींचे मोठेपण आपण कबूल केले पाहिजे.

पुढे पहिले महायुद्ध आले. गिरण्या जोरात, गावाकडून माणसांचा लोंढा, आणि बांधकामाचे सामान महाग. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईच्या लोकसंख्येपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. एका खोलीत दिवसपाळीवाले निजून उठले की रातपाळीवाले त्याच जागेवर अंग टाकत. घरमालकाला अशा वेळी भाडे वाढवायला कारण लागत नाही; त्याचा मेहता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नुसता दारात उभा राहिला की पुरे. ही लूट थांबवण्यासाठी १९१८ साली मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला आणि १ जानेवारी १९१६ चे भाडे हे प्रमाण धरले गेले. सरकारला भाडेकरूची दया आली असे आम्हाला वाटत नाही. लढाई चालू असताना शहरात गडबड नको होती. म्हणूनच कायदा मुदतीचा केला, मुदत वाढवत नेली आणि पुढे तो सरकारने गळून पडू दिला.

त्याच सुमारास सरकारने दुसरे पाऊल टाकले, आणि त्याबद्दल अधिक बोलले पाहिजे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. कामगारांसाठी एका खोलीची ५०,००० बिऱ्हाडे बांधण्याचा बेत होता. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि बाकीचा पैसा कर्जाने उभारला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. याच आपल्या बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास आणि नळ सामाईक.

आता गंमत पाहा. शहरात माणसे जिन्याखाली निजत होती आणि वरळीच्या हजारो खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या होत्या! कामगार आडमुठा आहे, त्याला स्वच्छता नको, असे तेव्हाचे अधिकारी म्हणत. कामगाराचा हिशेब मात्र साधा होता. वरळी त्या काळी गिरण्यांपासून दूर, वाटेत दिवे नाहीत, जवळ बाजार नाही, उधारी देणारा वाणी नाही. खिडक्यांच्या जागी सिमेंटच्या फळ्या, त्यामुळे आत अंधार. शिवाय कर्जाचे व्याज धरून जे भाडे निघे ते त्याला झेपेना. सरकारने ते उतरवले तरी खोल्या भरेनात. राहणाऱ्याला कोणी विचारलेच नव्हते. त्याच खात्याने बॅकबेच्या समुद्रात भराव घालताना किती पैसा बुडवला, ते वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणले. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. बिनभाड्याचे भाडेकरू तेवढे सरकारला लवकर मिळाले.

याच वर्षांत दुसऱ्या एका शहराने हाच प्रश्न हाती घेतला होता. ते शहर म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. युरोपातले म्हणून ते आपल्याहून वेगळे असेल असे समजू नये. तिथल्या कामगारांच्या जुन्या इमारतींत नळ आणि संडास मजल्यावर सामाईक होता, आणि पाळीपाळीने नुसती खाट भाड्याने घेणाऱ्यांची एक जमातच होती. आमच्यासारख्या रात्रशाळेत शिकलेल्या माणसाने हे प्रथम वाचले तेव्हा लालबागचेच वर्णन वाचतो आहोत असे वाटले.

तिथे १९१९ साली समाजवादी लोकशाही पक्ष नगरपालिकेत निवडून आला. युद्धकाळात आलेला भाडेगोठवणीचा नियम त्यांनी जाऊ दिला नाही. १९२२ च्या कायद्याने तो पक्का केला. भाडे गोठले, नाणे घसरले, घरमालकीत नफा उरला नाही, तेव्हा जमिनीचे भाव पडले. मुंबईत आपण इथेच थांबलो असतो. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने पडलेल्या भावात जमिनी विकत घेतल्या. अर्थखाते ह्यूगो ब्राइटनर यांच्याकडे होते. त्यांनी १९२३ पासून घरबांधणी कर बसवला. लहान बिऱ्हाडाला नाममात्र आणि मोठ्या हवेलीला चढत्या दराने. घरगडी, मोटारी, चैनीची हॉटेले यांवर वेगळे कर. त्याच साली पाच वर्षांत २५,००० घरे बांधण्याचा ठराव झाला आणि तो मुदतीआधी पुरा झाला. १९३४ पर्यंत हा आकडा साठ हजारांवर गेला. कार्ल मार्क्स होफ या एकाच वसाहतीत १,३८२ घरे आहेत.

या ठिकाणी मुंबई आणि व्हिएन्ना यांच्यातला मुख्य फरक ध्यानात येतो. लॉइडसाहेबांनी मुख्यतः कर्जाने बांधले, म्हणून भाड्यातून व्याज काढावे लागले. ब्राइटनरांनी कराच्या पैशाने बांधले, म्हणून भाड्यातून फक्त देखभाल निघाली की भागत असे. ते भाडे कामगाराच्या मजुरीच्या शेकडा पाचाच्या आत राहिले. फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारी सैन्याने त्या वसाहतींवर तोफा डागल्या आणि नगरपालिका बरखास्त झाली. घरे मात्र टिकली, आणि आजही व्हिएन्नात दोन लाखांहून अधिक घरे नगरपालिकेची आहेत, भाड्याची आहेत.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात पुन्हा भाडेनियंत्रण आले आणि १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण ठरले. फाळणीचे निर्वासित शहरात येत होते. त्या दिवसांत हा कायदा नसता तर निम्मी मुंबई रस्त्यावर आली असती, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु हाही कायदा मुदतीचा म्हणून आला आणि वाढीव मुदतींवर पन्नास वर्षे जगला. दहा इमारतींचा मालक आणि एका चाळीच्या भाड्यावर पोट भरणारी विधवा यांत त्याने भेद केला नाही. मालकाने दुरुस्ती सोडली आणि पागडीत हात घातला. भाड्यावर लगाम होता, पागडी पावतीशिवाय चाले. नवी भाड्याची घरे बांधणे खाजगी पैशाने थांबवले आणि तो पैसा मालकी हक्काच्या फ्लॅटांकडे वळला. अखेर १९६९ मध्ये जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. गिरगाव-कामाठीपुऱ्यातले लाकडी टेकू आपण सर्वांनी पाहिले आहेत. टेकू लावून वर्षे निघतात, इमारत तरुण होत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली.

मग सरकारने बांधले नाही काय? बांधले. १९४८ च्या कायद्याने हाउसिंग बोर्ड आले, १९५२ पासून केंद्राची औद्योगिक कामगारांची योजना आली; विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर या वसाहती त्या बोर्डाच्याच. पण गरजेच्या मानाने ते ओंजळभर होते, आणि १९७७ मध्ये म्हाडा झाल्यावर सरकारी घर म्हणजे भाड्याचे घर हा अर्थ हळूहळू पुसला जाऊन विकत मिळणारे घर हा अर्थ आला. ते कोणाला मिळेल हे सोडतीने ठरते, आणि लोक त्या सोडतीला सरळ लॉटरी म्हणतात. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या भाड्याला चिकटून राहणे आता वाजवी नाही असे सांगितले. त्यानंतरचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात वर्षाला शेकडा चार वाढ मान्य झाली आणि पागडीही कायदेशीर ठरली.

सार्वजनिक जमिनीची एक संधी अगदी अलीकडची. १९८२ चा संप मोडल्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे त्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागांना, एक-तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती केली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. गिरणी कामगार आणि वारसांचे दीड लाखाहून अधिक अर्ज आले. घरे मिळाली त्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांना शेलू-वांगणीची घरे दाखवली, तेव्हा म्हातारी माणसे जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात येऊन बसली. वरळीला कामगार का जात नव्हता, हे ज्याने वाचले असेल त्याला याचे नवल वाटू नये.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच वरळीत पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना ते मिळाले याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण ती घरे मालकीची आहेत, सरकारी भाड्याची खोली तिथून उठली. आमच्या संघटनेतला कंत्राटी सफाई कामगार, हॉस्पिटलातला वॉर्डबॉय, घरोघर माल पोचवणारा पोरगा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. कायद्याने तो भाडेकरू नव्हे, म्हणून १९९९ च्या कायद्यातली शेकडा चाराची मर्यादा त्याला लागू नाही. अकरावा महिना आला की मालक सांगेल तो आकडा मान्य करायचा, नाहीतर टेम्पो बोलवायचा.