पास, सवलत आणि पॉइंट : रेल्वेला आपला माणूस कोण वाटतो?

ज्यांना कानाला हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

सुरुवात माझ्या घरातून करतो. मी भंडारा जिल्ह्यातला, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. आई-बाबा गावीच असतात. आमचं स्टेशन म्हणजे भंडारा रोड. ते भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. शहरापासून दहाएक किलोमीटर. बाहेरचा माणूस पहिल्यांदा आला की हमखास फसतो.

मध्यंतरी आई-बाबांना पुण्याला आणायचं होतं. महाराष्ट्र एक्सप्रेस, गोंदिया ते कोल्हापूर, वरठीहून पुण्यापर्यंत वीसेक तास. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून म्हटलं थर्ड एसी काढू. क्रेडिट कार्डावर पॉइंट साचले होते, त्यातच दोन तिकिटं बसवायची असं ठरवलं. हिशेब केला तर पॉइंट थोडे कमी पडत होते. स्क्रीनवर लगेच पर्याय आला : उरलेले पॉइंट विकत घ्या. शुल्क धरून एक पॉइंट एका रुपयाहून थोडा महागच पडत होता. तरी घेतले. तिकीट निघालं. फुकट तिकीट काढलं म्हणून मी खूश.

रात्री फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे पैसे देऊन पॉइंट घेतले, अन् पॉइंट देऊन तिकीट घेतली. मंग सीधी तिकीटच काहून नाई घेतली?"

मी बी.टेक. आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा एपिसोड म्हणजे ते उत्तर शोधायचा प्रयत्न.

आधी पास होता

आमच्याकडे रेल्वे आली ती १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला. नागपूर ते राजनांदगाव, मीटरगेज, नाव नागपूर छत्तीसगड रेल्वे. नागपूरपर्यंत मुंबईहून जीआयपी रेल्वे १८६७ मध्येच पोचली होती. पुढचा छत्तीसगडचा आणि आमचा धानाचा पट्टा तिला जोडायचा होता. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ही लाईन घेतली, ब्रॉडगेज केली, आणि १९०० मध्ये ती थेट हावड्याला जाऊन भिडली. मुंबई-हावडा मुख्य मार्गावर वरठी आणि तुमसर रोड ही स्टेशनं आहेत ती त्यामुळे.

स्टेशन आलं आणि साठेक किलोमीटरवरचं नागपूर रोजच्या अंतरात आलं. तिथे एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. पुढे कचेऱ्या वाढल्या, कॉलेजं वाढली. आणि आमच्या जिल्ह्यात माणसांची एक जात तयार झाली : पासवाले. सकाळी जायचं, रात्री यायचं, डब्यात ठरलेली जागा, ठरलेले पत्त्यांचे भिडू. माझे बाबा त्यातलेच. नोकरीची सगळी वर्षं वरठी-नागपूर.

आता पास म्हणजे काय ते आपल्या भाषेत बघा. तुम्ही महिन्याचे पैसे आधी भरता. रोज तिकीट काढलं तर लागले असते त्यापेक्षा ते खूप कमी असतात. बदल्यात रेल्वेला आगाऊ पैसे आणि कायमचं गिऱ्हाईक मिळतं. म्हणजे हा लॉयल्टी प्रोग्रॅमच झाला! फरक एवढाच की पासवर सगळं छापलेलं असतं : कुठून कुठे, कोणता वर्ग, कोणत्या तारखेपर्यंत. महिन्याच्या मध्यात कोणी येऊन सांगत नाही की तुमचा पास आता कामठीपर्यंतच चालेल.

पण पासला मर्यादा आहे, दीडशे किलोमीटरची. लांबच्या प्रवासाला तो नाही. मग लांब जाणाऱ्याला रेल्वे काय देत होती?

जास्त देणाऱ्याला जास्त

इथे थोडं अमेरिकेला जाऊन यावं लागेल, कारण रेल्वेने गिऱ्हाईक धरून ठेवण्यासाठी पैसे परत द्यायची सर्वांत गाजलेली गोष्ट तिथली आहे. आणि ती प्रवाशांची नाही, तेलाची आहे.

१८७० च्या दशकात रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल रेल्वेने एवढा माल पाठवायची की कंपन्या तिला भाड्यातले पैसे गुपचूप परत द्यायच्या. छापील दर सगळ्यांना एकच, पण मोठ्याला मागच्या दाराने कॅशबॅक. १८७२ मध्ये साऊथ इम्प्रूव्हमेंट कंपनी नावाची योजना निघाली. तिच्यात तर कळसच होता. प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातलाही वाटा आतल्या मंडळींना मिळणार होता. लोक भडकले आणि योजना बारगळली. पुढे १८८७ मध्ये आंतरराज्य व्यापाराचा कायदा आला, आणि १९०३ च्या एल्किन्स कायद्याने अशा रिबेटवर नेमका घाव घातला. लोकांचं म्हणणं सोपं होतं. मोठ्याला मिळणारी सूट कोणाच्या तरी खिशातून येते, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा लहान असतो.

नेमकं हेच म्हणणं आपल्याकडे १९१७ मध्ये गांधीजींनी प्रवाशांबद्दल मांडलं. भारतात परत आल्यावर ते तिसऱ्या वर्गाने देशभर फिरत होते. त्यावर त्यांनी इंग्रजीत एक लेख लिहिला. मुंबई ते मद्रास प्रवासाचा हिशेब त्यात आहे : पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त, पण तिसऱ्या वर्गाला त्या सुखसोयींचा पाचवा सोडा, दहावा हिस्सा तरी मिळतो का? आणि पुढचा मुद्दा असा की वरच्या वर्गांचे लाड तिसऱ्या वर्गाच्या पैशावर चालतात. तेव्हा दहातले नऊहून जास्त प्रवासी खालच्या वर्गाचे असायचे. एकेकाचं भाडं थोडं, पण गर्दी एवढी की कंपनीचा गल्ला त्यांच्यावरच भरायचा. निष्ठा म्हणाल तर सगळ्यांत जास्त त्यांची, कारण दुसरा पर्यायच नव्हता. आणि पर्याय नसलेल्या माणसाला बक्षीस कोण देतो?

गीतांजली

या गोष्टीत एक वळण येतं, आणि ते आणणारा माणूस मराठी आहे. १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. तिसरा वर्ग नावापुरता १९७४ मध्ये संपला होता. त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले, बाकं लाकडाचीच राहिली.

दंडवत्यांनी दोन गोष्टी केल्या. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला दोन इंच फोमची गादी लावायला सुरुवात केली. आज आपण स्लीपरच्या त्या निळ्या बर्थला नावं ठेवतो, पण त्याआधी रात्रभर फळीवर झोपायचं होतं. आणि २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. तिच्यात वर्गच नव्हते, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. ही गाडी आमच्याच लाईनवरून जाते. नागपूर सोडलं की वरठी, तुमसर ओलांडत गोंदियाकडे.

त्यांची भूमिका अशी होती की पहिल्या वर्गाला खाली खेचायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं. नीट बघा, या बक्षिसाला खातं लागत नव्हतं, कार्ड लागत नव्हतं. डब्यात चढलेल्या प्रत्येकाच्या पाठीला ते मिळत होतं.

आणि तिसरी चीज होती सवलत. विद्यार्थी, दिव्यांग, कॅन्सरसारख्या आजारांचे रुग्ण, ज्येष्ठ नागरिक. इथे निकष होता गरज, किती खर्च करता हा नाही. मार्च २०२० पर्यंत साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या महिलांना ५० टक्के सूट मूळ भाड्यात मिळायची. स्लीपरलाही.

२० मार्च २०२० ला, कोविड आला तेव्हा, ती थांबली. दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या काही सवलती टिकल्या. ज्येष्ठांची परत आली नाही. बाबांना साठ पूर्ण झाली एप्रिल २०२० मध्ये. आयुष्यभर पास काढला, आणि सवलतीच्या दारात पाय ठेवायला आणि दार लागायला एकच गाठ पडली. याबद्दल ते कधी चिडून बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "आपला नंबर आला का खिडकी बंद होते." तिकीट खिडकीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही उपमा शोधावी लागत नाही.

सरकारची बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. रेल्वेने म्हटलं होतं की प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सूट आधीच मिळते, कारण भाडं खर्चापेक्षा कमी आहे. २०२२-२३ साली प्रवासी भाड्यावरच्या या सबसिडीचा आकडा ५६,९९३ कोटी होता. मान्य. पण माझा प्रश्न सूट किती हा नाही, कोणाला हा आहे.

मग पॉइंट आले

पॉइंटची कल्पना दुकानातली. अमेरिकेत १८९६ मध्ये एस अँड एच नावाच्या कंपनीने हिरवे स्टँप काढले. खरेदी केली की दुकानदार स्टँप द्यायचा, ते वहीत चिकटवायचे, वही भरली की भांडी नाहीतर चादर. गंमत अशी की ते स्टँप दुकानदार कंपनीकडून विकत घ्यायचा. म्हणजे पॉइंट विकणं हा धंदा पहिल्यापासूनच आहे.

१ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजायला सुरुवात केली. हळूहळू विमान कंपन्यांना कळलं की मैल वाटण्यापेक्षा मैल विकणं फायद्याचं. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक कोण? बँका. क्रेडिट कार्डावर द्यायला बँका घाऊक भावात मैल घेतात. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपला पॉइंटचा कार्यक्रमच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उचललं. तिकडच्या ॲमट्रॅक रेल्वेनेही २००० मध्ये असा कार्यक्रम काढला, आणि आज तिचे पॉइंट सरळ विकत मिळतात.

आपल्याकडे आयआरसीटीसी स्थापन झाली १९९९ मध्ये. ऑनलाइन तिकीट २००२ पासून, आणि तेव्हा ते चक्क कुरिअरने घरी यायचं. मग स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीबरोबर कार्ड आलं. त्यावर एसीच्या तिकिटांना जास्तीत जास्त १० टक्के पॉइंट म्हणून परत मिळतात. कोणत्या वर्गांना? पहिला, दुसरा, तिसरा एसी आणि चेअर कार. स्लीपर त्या यादीत नाही. जनरलचा तर प्रश्नच येत नाही.

यात कट वगैरे काही नाही. जिथे पैसा सुटतो तिथे बक्षीस, हा साधा धंद्याचा हिशेब आहे. पण मी डेटाबेसमध्ये काम करतो, त्यामुळे मला वेगळीच गोष्ट खुपते. जनरलच्या तिकिटावर नाव नसतं. वरठीहून धान कापणीनंतर कामाला बाहेर निघालेला माणूस वर्षातून चारदा हजार किलोमीटर जातो, डब्यात उभा राहून. त्याच्या निष्ठेची एकही रो कुठल्याच टेबलमध्ये नाही. ज्याची नोंद नाही, त्याला पॉइंट देणार कसे?

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

आता हिशेब. समजा एसीचं तिकीट १,५०० रुपयांचं आहे. कार्डावर फार तर १५० रुपयांचे पॉइंट. समजा स्लीपरचं मूळ भाडं ५०० आहे. जुन्या सवलतीत बाबांचे थेट २०० वाचले असते. कार्ड नाही, खातं नाही, खर्चाची अट नाही. आधार दाखवा, बसा.

आणि पॉइंट विकत घेणं म्हणजे? तुम्ही आज खरे पैसे देता आणि बदल्यात एक वचन घेता. त्या वचनाची किंमत उद्या काय असेल, ते कधी मुदतीत संपेल, कुठल्या गाडीत चालेल, हे समोरचा ठरवतो, आणि बदलूही शकतो. पासच्या अगदी उलट. सोप्या भाषेत, तुम्ही कंपनीला बिनव्याजी उसने दिलेत आणि पावतीवरचा आकडा खोडायचा पेनही तिच्याच हातात ठेवलात.

म्हणून माझा नियम आता एवढाच आहे : तिकीट समोर आहे, तारीख ठरली आहे, जुने पॉइंट वाया जाणार आहेत आणि थोडेच कमी पडतायत, तरच विकत घ्या. पुढेमागे लागतील म्हणून साठा करू नका.

बाय द वे, २०२५ च्या दिवाळीला रेल्वेने एक प्रयोग केला. जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढलं तर परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट. त्यात अटी होत्या, तारखा ठरलेल्या होत्या, पैसे परत मिळणार नव्हते. पण मला ती बातमी आवडली. कारण सूट तिकिटावरच होती, आणि प्रवास करणारा हाच तिचा निकष होता.

आई-बाबा आले. पुणे स्टेशनवर पहाटे उतरवून घेतलं. बाबांना विचारलं, एसी कसा वाटला? म्हणाले, "मस्त. पन गोठी कराले कोनी भेटलं नाई. सारे पडदे लावून झोपले." आणि मग खिशातून पाकीट काढून त्यात जपून ठेवलेला शेवटचा पास दाखवला, वरठी ते नागपूर. मुदत कधीच संपलेली. पण त्यावर नाव आहे, आणि जे लिहिलं होतं ते सगळं रेल्वेने पाळलं होतं.

परतीचं तिकीट मी सरळ पैसे देऊन काढलं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्या घरातल्या पासवाल्याला एक फोन करा.