मगरीच्या सवयी ओळखल्यास धोका टळतो

भारतात मगरवर्गातील तीन प्रजाती आढळतात : गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि घडियाल. महाराष्ट्रातील नद्यांत प्रामुख्याने दिसते ती पहिली. 'क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस' हे तिचे शास्त्रीय नाव. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील सीना व बोरी या नद्यांचे पाणी भीमेतून पुढे कृष्णेला मिळते. त्याच कृष्णेच्या वरच्या टप्प्यात, सांगली जिल्ह्यातील औदुंबर-भिलवडी परिसरात मगरींचा अधिवास आहे.

पूर्ण वाढलेला नर साधारण तीन ते चार मीटर लांब असतो. मगरीचे डोळे व नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूस असल्याने उरलेले शरीर पाण्याखाली ठेवून ती टेहळणी करू शकते. शरीराचे तापमान राखण्यासाठी ती काठावर ऊन खात पडते. त्या वेळी उघडा असलेला जबडा हे हल्ल्याचे लक्षण नव्हे. त्यातून जादा उष्णता बाहेर टाकली जाते. मासे, बेडूक, कासवे, पक्षी हे तिचे खाद्य. मोठ्या मगरी पाण्यावर आलेली जनावरेही ओढून नेतात. पात्र आटल्यास मगर बिळात आश्रय घेते किंवा जमिनीवरून चालत दुसरा डोह गाठते.

फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान मादी काठावरील मातीत वा वाळूत खड्डा खणून सुमारे 25 ते 30 अंडी घालते. पिलू नर होणार की मादी, हे घरट्यातील तापमानावर ठरते. पावसाळ्याच्या तोंडावर पिलांचा आवाज येताच मादी घरटे उकरते आणि त्यांना जबड्यातून अलगद पाण्यात नेते.

नेमक्या याच दिवसांत पाणी कमी होऊन माणसांचा आणि जनावरांचा पात्रातील वावर वाढतो. वाळूउपशाने काठ खचले, की घरट्यांची जागाही जाते. घरटे राखणारी मादी आक्रमक असते, हे विसरून चालणार नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार मगर पहिल्या अनुसूचीत असून तिला मारणे वा पकडणे गुन्हा आहे. 1975 मध्ये देशात मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला.

मगरीचा वावर असलेल्या ठिकाणी पहाटे, सायंकाळी व रात्री पाण्यात उतरू नये. धुणे, जनावरे धुणे, मोटारीची दुरुस्ती ही कामे एकट्याने करू नयेत. मृत जनावरे वा मांसाचे अवशेष नदीत टाकू नयेत. मगर दिसल्यास तिला न डिवचता वन विभागाला कळवावे.