मांडव उतरवायचा कोणी? ड्रायव्हर कोडमधली आवराआवर

ग्रेटर नोएडा म्हटलं की बहुतेकांना 2011 सालची फॉर्म्युला वनची शर्यत आठवते. मला आठवतात तिथल्या नॉलेज पार्कमध्ये बसून लिहिलेले लिनक्सचे ड्रायव्हर. आज त्यांच्याबद्दल बोलू. ड्रायव्हर चालू कसा होतो हे सगळेच सांगतात. मला सांगायचंय तो जाताना आपला पसारा कसा आवरतो ते.

उपकरण सापडलं की कर्नल ड्रायव्हरचं 'प्रोब' नावाचं फंक्शन बोलावतो. ते एकेक गोष्ट मागून घेतं: थोडी मेमरी, चिपच्या रजिस्टरांपर्यंत पोचायची वाट, क्लॉक, इंटरप्ट. समजा चौथी गोष्ट मिळाली नाही. मग आधीच्या तीन परत करायच्या, आणि त्याही उलट क्रमाने. मांडव घालताना आधी खांब, मग वासे, मग कापड. उतरवताना कापड आधी. खांब आधी उपटला तर काय होईल ते सांगायला नको.

सी भाषेत हे हाताने करावं लागे. फंक्शनच्या तळाशी लेबलांची शिडी, आणि जिथे बिनसलं तिथून 'गोटू' म्हणून योग्य पायरीवर उडी. मध्ये नवीन पायरी घातली आणि खाली एक लेबल बदलायचं राहिलं, की झाली गळती सुरू. ती दिसतही नाही, कारण प्रोब सहसा यशस्वी होतो. त्या अपयशाच्या वाटेने वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही.

2007 च्या जानेवारीत टेजुन हिओ या कोरियन प्रोग्रॅमरने यावर उपाय मांडला. तो तेव्हा साटा डिस्कच्या ड्रायव्हरांचं काम पाहत होता आणि त्यांतल्या अपयशाच्या वाटा चुकांनी भरलेल्या होत्या. त्याच्या दस्तऐवजात ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या आळशीपणावर एक मिश्कील शेरा आहे. आशय असा, की वेड्यावाकड्या हार्डवेअरशी दिवसभर झुंजून एकदाचं ते चाललं, की पुढचं कोण बघतो! मला हे फार प्रामाणिक वाटतं. त्याने माणसांना शिस्तीचे धडे दिले नाहीत, हिशेबच कर्नलकडे सोपवला. प्रत्येक उपकरणाच्या नावे एक यादी. जे घ्याल ते यादीत चढतं. प्रोब फसला किंवा ड्रायव्हर निघाला, की कर्नल यादी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत सगळं परत करतो. याचं नाव 'डेवरेस', आणि त्याच्या फंक्शनांच्या नावाआधी 'डेवएम' लागतं. एप्रिल 2007 च्या 2.6.21 आवृत्तीत ते आलं.

आता ग्रेटर नोएडाकडे येऊ. तिथे एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचं मोठं केंद्र आहे. कंपनीच्या 'स्पिअर' नावाच्या आर्म चिपांसाठीचा कोड 2010 पासून मुख्य लिनक्समध्ये जाऊ लागला. डेवरेस येऊन तीन वर्षं झाली होती, तरी स्पिअरच्या कीबोर्डचा ड्रायव्हर आला तो जुन्याच पद्धतीने, गोटूच्या शिडीसकट. यात नवल नाही. नवा ड्रायव्हर लिहिणारा आधीचा एखादा समोर ठेवूनच लिहितो, आणि समोरचा जुन्या वळणाचा असतो. 2012 मध्ये विरेश कुमार यांनी तो डेवएमवर आणला आणि शिडी बरीचशी गेली.

बरीचशी म्हणालो, कारण क्लॉक तयार करणं आणि सोडणं हाताचंच राहिलं. ही अर्धीमुर्धी व्यवस्था मला जुन्या शिडीपेक्षा धोक्याची वाटते. 'रिमूव्ह' फंक्शन आधी चालतं आणि कर्नलची यादी त्यानंतर. रिमूव्हमध्ये तुम्ही क्लॉक हाताने बंद केलं आणि इंटरप्ट मात्र यादीत आहे, तर मधल्या क्षणी तो येऊ शकतो. हँडलर झोपलेल्या चिपचं रजिस्टर वाचायला जातो आणि कित्येक आर्म चिपांवर अख्खा बस तिथेच अडकतो. नोएडातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही रात्रभर ड्रायव्हर घालायचा-काढायचा खेळ लावून ठेवायचो; सकाळी बोर्ड मुका झालेला असला की पहिला संशय या जागेवर जायचा. क्लॉक मिळवून, सुरू करून, आपोआप बंदही करणारं सोयीचं डेवएम फंक्शन कर्नलमध्ये यायला 2022 उजाडलं.

त्याच वर्षी डब्लिनच्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत लॉराँ पिंशार यांनी थेट सांगितलं, की डेवएमने मेमरी मागणं अपायकारक ठरू शकतं. मुद्दा सोपा आहे. यूएसबी कॅमेरा चालू असताना तुम्ही वायर उपटता. उपकरण गेलं, म्हणून यादीतली मेमरी परत गेली. पण ॲपने फाइल अजून उघडीच ठेवलीय. ते पुढचा निरोप पाठवतं तो परत दिलेल्या मेमरीवर. बोर्डवर कायमच्या डकवलेल्या कीबोर्डला ही भीती जवळपास नाही, म्हणून तिथे डेवएम शोभतं. उपटता येणाऱ्या उपकरणांत मेमरीचं आयुष्य वापरणाऱ्याबरोबर संपायला हवं. माझं मत पिंशार यांच्या बाजूचं आहे, पण इंटरप्ट आणि क्लॉकसाठी मी डेवएम सोडणार नाही.

2023 च्या 6.5 आवृत्तीत पीटर झिल्स्ट्रा यांनी आणखी एक सोय आणली: फंक्शनमधला कंस संपला की कुलूप आपोआप सुटतं, मेमरी आपोआप परत जाते. जीसीसी कंपायलरमध्ये यासाठीची खूण कितीतरी आधीपासून होती. कर्नलवाल्यांनी ती इतकी वर्षं टाळली, कारण कोडमध्ये जे घडतं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे, हा त्यांचा जुना आग्रह. दरम्यान डिसेंबर 2022 मध्ये 6.1 बरोबर रस्ट भाषा आत आली होती, आणि तिच्यात हे मुळातच आहे.

नव्या सोयीच्या दस्तऐवजात एक अट आहे: एकाच फंक्शनमध्ये गोटू आणि आपोआप आवरणं यांची सरमिसळ करायची नाही. म्हणजे जुन्या ड्रायव्हरात ही सोय आणायची, तर ते फंक्शन वरपासून खालपर्यंत एका बैठकीत बदलावं लागतं. आणि अशा कित्येक ड्रायव्हरांचं हार्डवेअर आता तपासायलाही कोणाकडे उरलेलं नाही.